पाठीमागचा पडदा

कारागीर कामात हुशार होता, पण टीव्ही त्याने टांगला नेमका फळ्याच्या डोक्यावर. नकाशातच तसं होतं. टीव्ही पुढच्या भिंतीवर, कॅमेरा मागच्या. म्हणजे टीव्हीवरून याच वर्गात शिकणाऱ्या डोंगरापलीकडच्या शाळेतल्या अकरा मुलांना गणिताच्या बाई दिसणार आणि बाईंना ती मुलं कधीच दिसणार नाहीत, कारण ती कायम त्यांच्या पाठीमागे.

"गेल्या वर्षीही हेच केलंत," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "वर्षभर मी भिंतीला शिकवलं आणि तिथली सात मुलं नापास झाली. त्यांना गणिताला दुसरं कुणी नाही, सर. टीव्ही कॅमेऱ्याशेजारी लावा."

"नकाशा वरून मंजूर होऊन आलाय. उद्या पाहणी आहे. काम झाल्याच्या कागदावर सही करा आणि विषय संपवा."

"नाही करणार."

"मग हा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देईन."

"द्या. कोण घेतंय बघू."

कुणी घेणार नव्हतं, हे सरांनाही पक्कं ठाऊक होतं. बाईंनी चपला काढल्या, कारागिराच्या पिशवीतला पाना उचलला आणि सरळ बाकावर चढल्या. बोल्ट हलेना, पण बाईही हलेनात. सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी कारागीरच पुढे आला. "उतरा बाई. तुम्ही पडाल आणि बोलणी मला बसतील," म्हणत त्याने पाना काढून घेतला.

तासाभरात टीव्ही मागच्या भिंतीवर गेला. फळ्याच्या वर चार भोकं उरली.

"ती भोकं दिसतायत," सर पुटपुटले.

"दिसू देत."

जोडणीची चाचणी सुरू झाली. पलीकडची मुलं नेहमीसारखी सैलावून बसली होती, घरी टीव्हीपुढे बसावं तशी. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि त्या वर्गाकडे वळल्या.

"खिडकीपाशी बसलेली, तिसऱ्या बाकावरची. वही कुठे आहे तुझी?"

टीव्हीतल्या त्या मुलीने आधी मागे वळून पाहिलं, बाई कुणाला बोलतायत ते.

"तूच गं. वही काढ."

"बाई, मी तुम्हाला दिसते?"

"चांगली दिसतेस. आणि शेजारचा काहीतरी चघळतोय, तोही दिसतोय."

तिकडे भराभर वह्या उघडल्या. शेजारच्याने आधी तोंडातलं गिळलं. बाईंनी आवाज चढाच ठेवला. वर्षभराचं रागावणं बाकी होतं.