गाळलेलं तिसरं शील

पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचा मान खुशबूचा. ती एकेक शील सांगायची, गाव मागून म्हणायचं. आज मात्र ती दुसऱ्या शीलावरून थेट चौथ्यावर, खोटं न बोलण्याच्या शीलावर गेली, आणि सगळं गाव बिनबोभाट तिच्या मागून गेलं. मेंढरं परवडली! अडखळली ती एकटी मीराबाई. तिनंच तर खुशबूकडून लहानपणी हे घोकून घेतलं होतं.

वंदना आटोपल्यावर म्हातारीनं तिला विहाराच्या ओट्यावर गाठलं. "तिसरं काऊन गाळलं वं?"

तीन वर्षं पोटात दाबलेलं खुशबूच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. जवळच्या वडशा गावात शिलाई मशीन चालवणारी सरिता तिची नुसती मैत्रीण नव्हती. नवराबायकोत असतं तसं प्रेम होतं दोघींचं. आणि तिसरं शील तर लैंगिक दुराचारापासून दूर राहा म्हणतं. ते दर वेळी ती घाईघाईनं उरकायची. धम्म सोडवत नव्हता, सरिताही सोडवत नव्हती.

मीराबाई पदराचं टोक चुरगाळत बसली. मग म्हणाली, "तिच्यावर जबरी केली काय?"

"नाई आजी."

"कोनाचं घर मोडलं?"

"नाई."

"मंग तिसऱ्याले कायले भेते?"

खुशबूला रडू फुटणार, तेवढ्यात आई खिरीचं पातेलं घेऊन आली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "मावशी, रविवारी राजदीपच्या घरचे पाहाले येऊन राह्यले. पोरीनं हो म्हनलं एकदाचं!"

मीराबाई खुशबूकडे वळली. "तिसऱ्याचं सोड बाई. चवथ्याचं काय?"

चौथं तर खुशबूनं मघाशी खणखणीत आवाजात साऱ्या गावाला सांगितलं होतं. आणि रविवारी त्या भल्या राजदीपसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार होती! तिला स्वतःची शिसारी आली. आता घरी गेलं तर पुन्हा जीभ टाळूला चिकटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, पातेलं खाली ठेव. तुले सरिताबद्दल सांगाचं आहे."

आईनं पातेलं ठेवलं नाही. उलट छातीशी घट्ट धरलं. खीर पांढऱ्या पदरावर सांडली. ऐकायच्या आधीच तिला कळलं असावं.

"इथी नको," आई हळूच म्हणाली. "विहार आहे."

"म्हनूनच इथी," खुशबू म्हणाली.