मागीलदारची गरम हवा

हरिश्चंद्र राऊळांच्या घरातला एसी गेले बारा दिवस दमच घेत नव्हता. खोली गार झाली की बाहेरचं मशीन थोडा वेळ गप्प बसतं, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. हे मात्र सकाळी दहाला जे घुरघुरायला लागायचं, ते संध्याकाळी राऊळ स्वतः बटण दाबेपर्यंत.

राऊळ ओरोसच्या सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जे कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची धारणा. त्यांनी एसीची फाईल उघडली. आतली जाळी काढून दातांच्या जुन्या ब्रशने घासली. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं. रिमोटवर चोवीसचा आकडा जागेवर आहे ना, हे तासातासाला चष्मा लावून पाहिलं. एवढं करूनही मशीन थांबेना, तेव्हा संशय घरच्या माणसावर आला.

"तू दिवसाक किती वेळा ह्या दार उघडतंस गो?"

"मोजूक नाय."

"मग मोज!"

यशोदाबाईंनी मोजलं नाही. मशीन का थांबत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

एसीचं बाहेरचं मशीन मागीलदारी, भिंतीला लावलेलं. मागीलदार म्हणजे बायकांचा मुलूख. पाणी तापवायची चूल तिथे, धुण्याचा दगड तिथे, मासळी साफ करायची तीही तिथेच. राऊळांची हद्द मागच्या उंबऱ्याशी संपायची. तिथे उभं राहून ते गरम पाण्याला हाक मारत, आणि पाणी चालत त्यांच्याकडे येई. त्यामुळे त्यांनी एसीची तपासणी केली ती फक्त पुढच्या बाजूने.

मागच्या बाजूला यशोदाबाईंची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत होती. एकदा त्यांनी ओला फडका मशीनसमोर टाकला आणि चहा उकळेपर्यंत तो कडकडीत वाळला. त्या दिवसापासून लाकडी चौकटीवर मच्छरदाणी ताणून, तिच्यावर रातांब्याच्या साली पसरून, ती चौकट त्यांनी मशीनच्या तोंडाला भिडवली होती.

एरवी त्यांनी असलं धाडस केलं नसतं. पण आभाळ पंधरवडाभर काळवंडलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि वाडीची सत्यनारायणाची पूजा पाच दिवसांवर आलेली. पूजेच्या जेवणातली सोलकढी चौदा वर्षं यशोदाबाईंच्या सोलांची व्हायची. गेल्या वर्षी ऐन वेळी सोलांना बुरशी आली आणि तो मान कुंपणापलीकडच्या थोरल्या जावेकडे, सुशीलाबाईंकडे गेला. सुशीलाबाईंनी तो वर्षभर मिरवला. बारशाला, लग्नाला, एकदा तर एसटीच्या थांब्यावरसुद्धा. सोलांना सात पुट द्यायचे असतात, म्हणजे मीठ घातलेल्या रातांब्याच्या रसात ती सात वेळा भिजवायची, आणि प्रत्येक पुटानंतर ती नीट वाळवायची असतात. यशोदाबाईंचे चार झाले होते.

अखेर राऊळांनी कसालच्या प्लासिदला बोलावलं. प्लासिद पन्नाशीचा. दुबईत तेरा वर्षं एसी दुरुस्त करून परतलेला, बोलायला मोजका. निघण्यापूर्वी त्याने फोन केला, तेवढ्यात यशोदाबाईंनी चौकट कोठीत सरकवली. प्लासिद आला, बसला, चहा प्याला, आणि वीस मिनिटांत मशीन शहाण्यासारखं गप्प झालं.

"बंद पडला!" राऊळ उठलेच.

"बंद नाय, भाऊनू. खोली गार झाली."

"बारा दिवस झाली नाय ती?"

"आज झाली."

साहेब तपासणीला आल्यावर वर्ग चिडीचूप बसावा, तसं झालं. राऊळांचा चेहरा पडला. प्लासिदने मागे जाऊन मशीनही पाहिलं. पत्र्यावर लाल शिंतोडे होते. त्याने त्यावरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा घुरघुरतंय म्हणून राऊळांचा फोन गेला. या वेळी प्लासिद न कळवता आला, आणि आला तो थेट मागीलदारी. यशोदाबाई पाचवा पुट देऊन सोलं पसरत होत्या.

"वयनी, ह्या मशीन गरम हवा भायर टाकता. तुम्ही त्येच्या तोंडार उशी धरलास. तीच हवा परत आत जाता. मगे खोली खंयसून गार होतली? म्हणान ता धापता."

"धापता म्हणानच माझी सोलां सुकतत रे."

"आणि ह्यो रस उडालो तर पत्रो खाऊन टाकतलो."

"माका चार दिवस दी. भाऊंका सांग, गॅस कमी आसा."

"खोटां सांगूचंय नाय," म्हणत प्लासिदने चौकट उचलून दोन हात लांब ठेवली. मशीनने सुटकेचा श्वास घेतला. थोड्या वेळाने ते चक्क थांबलं.

घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेने राऊळांना खोलीतून बाहेर ओढलं. "कोणी बंद केला?" म्हणत ते आले आणि उंबरा ओलांडून प्रथमच मागीलदारी उभे राहिले. समोर प्लासिद, चौकटीवर सोलं, आणि बायकोचे हात कोपरापर्यंत लाल.

"ह्या काय?"

यशोदाबाई उरलेली सोलं पसरतच राहिल्या. राऊळांना दातांचा ब्रश आठवला, वर्तमानपत्र आठवलं. कान तापायला लागले. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालू होती, तेवढ्यात कुंपणावरून सुशीलाबाईंची हाक आली.

"अगो यशोदा, सुकली गो तुझी सोलां? नाय तर सांग हां, पूजेक आमची आसत!"

राऊळांनी जुळवलेलं सगळं गिळलं.

"सुकतत, वयनी!" ते कुंपणाकडे बघून ओरडले. "आमचीच येतली!" मग आवाज खाली आणून बायकोला विचारलं, "कितवो पुट?"

"पाचवो. सात होये."

राऊळ प्लासिदकडे वळले आणि त्यांच्या तोंडून आपोआप कचेरीची भाषा आली. "लिहून घ्या. यंत्र चार दिवस निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे. या काळात ते बंद पडता कामा नये."

प्लासिदचा चेहरा हलला नाही. "चौकट हयच रवांदेत, दोन हातांर. रिमोट अठरार करा, खोलीचां दार उघडां टाका. मशीन चलात, पण धापचां नाय."

"आणि गॅस?" यशोदाबाईंनी हळूच विचारलं.

"गॅस बरो आसा, वयनी."

राऊळ आत जाऊन रिमोट अठरावर करून आले. मशीन सुरू झालं. ते चौकटीशी वाकले आणि एक सोल चिमटीत धरून उलटं करू लागले.

"अहो, थांबा!" यशोदाबाई ओरडल्या. "आधी हात धुवन येवा. आणि पोट वर ठेवा, पाठ नको!"

राऊळांनी इकडेतिकडे पाहिलं. "पाणी खंय आसा?"