दहा वर्षांपुढचा पेपर

माझी सून पूर्णिमा हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून कन्सल्टंट झाली. म्हणजे काय, ते तिने मला बसवून समजावलं. पुढे पाणी, वीज, ऊन कसं असेल ते कंपन्यांना सांगायचं आणि आत्ताच शहाणं व्हायला लावायचं. मी म्हटलं, पोपटवालाही भविष्यच सांगतो, आणि त्याला एसी लागत नाही.

पहिलं मोठं काम मिळालं ते लोणी काळभोरकडच्या कारखान्याचं. माझा धाकटा भाऊ महिपती आमच्याकडेच राहतो, तो तिथे बॉयलरवर. नुसतं भाषण दिलं की साहेबलोक जांभया देतात, म्हणून पूर्णिमाने दहा वर्षांनंतरचा पेपर छापून घेतला होता. अगदी रोजच्यासारखा. वर मथळा, 'विहिरी आटल्या, कारखान्याला टाळं', खाली त्याच कारखान्याच्या गेटचा फोटो. पुढे काय काय होऊ शकतं, बरं आणि वाईट, त्याचे असे चार पेपर होते म्हणे. मला काय ठाऊक? ओट्यावर पेपर दिसला, महिपतीच्या भाकऱ्या त्यात गुंडाळल्या. भाकरी बांधताना तारीख कोण बघतो?

दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, भाकरीचा पेपर सगळ्यांनी वाचला, काम बंद पडलंय. सगळे गेटवर आलेत. पेपर पूर्णिमाचा हे मी बोलून गेलो. ती आत साहेबांपाशी आहे, आणि लोकांना वाटतंय, तीच टाळं लावायला आलीय."

तशीच रस्त्यावर धावले. रिक्षावाला कोथरूडहून तिकडे यायला नाही म्हणाला, त्याचा उद्धार करून मी बसलेच. वाटभर डोळ्यांपुढे तिची ती किडमिडी मान आणि समोर एवढी माणसं. मी तिला टोचून बोलते, पण तो हक्क माझा. दुसऱ्या कुणी तिला बोट लावायचं नाही.

गेटवर कुणी ओरडत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. तेलकट पेपर या हातातून त्या हातात जात होता. मी घुसले, सांगितलं, भाकरी मी बांधली, अक्कल माझी कमी, तिला काही करू नका. कुणी हसलंसुद्धा नाही. एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा. आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

तेवढ्यात पूर्णिमा बाहेर आली, शेजारी मॅनेजर. तो तिच्या कानाशी वाकला, तरी मला ऐकू आलं. हा सगळा खेळ आहे, खोटं आहे, एवढंच म्हणा, पुढचंही काम तुमचंच. सांग बाई, मी मनात म्हटलं. सांगून टाक आणि घरी चल.

तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. "हे घडलेलं नाही," ती म्हणाली. "कारखाना आज बंद होत नाहीये. पण खोटंही नाही. कारखाना जमिनीतलं पाणी असंच उपसत राहिला तर घडू शकतं."

मॅनेजर आत गेला आणि गेट लागलं. तिची बॅग आतच राहिली. काम गेलं, एवढं मला शाळेत न जाताही कळलं.

माणसं जवळ सरकली. मी पदर खोचून तिच्यापुढे उभी राहिले. मघाचाच तो माणूस पुढे आला.

"ताई, मग आमच्या विहिरींचं काय करायचं?"

पूर्णिमाने मला हळूच बाजूला केलं. तिथेच मातीत उकिडवी बसून ती विहिरींत पाणी कसं टिकेल ते काटकीने काढून दाखवायला लागली. माणसंही बसली. आतून पोलिसांना फोन गेलाय, महिपती माझ्या कानात म्हणाला. रस्त्याला पोलिसांची जीप दिसली. तरी मी तिला पुरे म्हणाले नाही.