दोघांचं औषध

मनकर्णाने परकराचा नाडा सैल केला आणि भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. डॉक्टर वर्षालीबाईंनी दिवा जवळ ओढला. कमरेभोवती, नाडा रुततो तिथे, गोल चट्टे एकात एक मिसळून त्यांचा पट्टा झाला होता. कडा लाल, उचललेल्या. मधली कातडी काळवंडलेली.

"कधीपासून आहे, मावशी?"

"पोळ्यापासून."

"म्हणजे सात महिने झाले. काय लावत होतात?"

मनकर्णाने पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढली. गावातल्या मेडिकलवाल्याने दिलेली. लावली की दोन दिवसांत खाज थांबायची, सोडली की दुप्पट व्हायची. डॉक्टरबाईंनी मागचं नाव वाचलं आणि ट्यूब परत दिली नाही.

"ही आजपासून बंद. हिने खाज दबते, पण गजकर्ण पसरतच राहतं. तुमचं काम ओल्यातलं आहे का?"

"भाजीचं. पालक, सांबार, म्हंजे कोथिंबीर. जुड्या धुवा लागतात टाक्यावर."

"मग घरी आल्या आल्या ओलं लुगडं बदलायचं. अंग कोरडं करायचं, मगच मलम. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांच्या अंतरापर्यंत लावायचं. कपडे गरम पाण्यात वेगळे धुवायचे, उलटे करून उन्हात घालायचे. टॉवेल वेगळा. आणि बरं दिसलं म्हणून लगेच थांबायचं नाही." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "घरी आणखी कोणाला आहे?"

"घरात आमी दोघंच. पोरगा पुण्याले रायते."

"मग तुमच्या मालकांना?"

मनकर्णा नाड्याची गाठ मारत होती. ती तिने दोनदा मारली.

"मले ठाऊक नाही. ते वावरात झोपतात."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "त्यांना असेल तर दोघांना एकाच वेळी औषध घ्यावं लागेल. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि पुन्हा त्यांच्याकडून घ्याल. गोळ्या मी त्यांना तपासल्याशिवाय देणार नाही. मलम मात्र दोन ट्यूब न्या."

परतताना तिवश्याच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. दसऱ्याच्या आधीची एक संध्याकाळ तिला आठवत राहिली. नत्थुजीने सहज तिच्या कमरेवर हात ठेवला होता. खरबरीत कातडी त्याच्या हाताला लागेल म्हणून तिने तो झटकला होता. 'सरका तिकडं,' एवढंच म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी त्याने खाट उचलून वावरातल्या खोपडीत नेली. रोही लय येऊन राहिले, म्हणाला, म्हणजे नीलगाई. दिवाळीत पुण्याहून पोरगा, अमोल, आला आणि त्याने कुंपणाला विजेची झटका मशीन बसवली. त्यानंतर एकही जनावर आत आलं नाही. खाट मात्र परतली नाही. रोज सकाळी ती डबा घेऊन जायची, तो वाफ्यांकडे पाहत डबा घ्यायचा. धुवायला कपडेही तो घरी पाठवत नव्हता. एका शब्दावरून माणूस इतका राग धरतो, असं ती मनाशी म्हणायची आणि परत फिरायची.

गावात उतरून ती घरी गेली नाही. सरळ वावराकडे निघाली.

खोपडीत कोणी नव्हतं. ती मागच्या बाजूला गेली, जिकडे एरवी जायचं तिला कारण पडत नसे. तिथे दोन खांबांना तार बांधलेली होती. तारेवर नत्थुजीचे कपडे वाळत होते. सदरा, पायजमे, चड्ड्या, सगळे उलटे करून, भर उन्हात. त्याचा टॉवेल लांब एका खिळ्याला एकटाच होता. तीन दगडांच्या चुलीवर काळं पडलेलं पातेलं होतं आणि त्यात साबणाचं गढूळ पाणी. ती त्या पाण्याकडे पाहत उभी राहिली.

"काहून आली या वक्ती?"

नत्थुजी टाक्यावरून येत होता. कोपरापर्यंत ओला.

"अमरावतीले गेली होती. चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं."

तो जागीच थांबला.

"मले गजकर्ण झालं," ती म्हणाली.

"ठाऊक हाये मले."

"तुमाले कसं?"

"चुलीपाशी बसून कंबर खाजवत होती तू. दसऱ्याच्या आंधी." त्याने हात सदऱ्याला पुसायला उचलले आणि तसेच खाली सोडले. "मले आखाडापासूनच होतं. माह्यापासूनच लागलं तुले. मंग आलो इकडं."

बसमध्ये तिने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एकही आता उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"सांगतलं काहून नाही?"

"तू तरी कुठी सांगतलं?"

वाफ्याच्या टोकाशी पाणी फुटून वाया चाललं होतं. एरवी दोघांपैकी कोणीतरी फावडं घेऊन धावलं असतं.

"दोघायले एकाच वक्ती औषध घ्या लागते म्हणे," ती म्हणाली. "उद्या तुमाले बलावलं हाये."

"बाईमाणूस हाये ना ते डॉक्टर?"

"मी असीन संगं."

तो खोपडीत गेला. ती मागोमाग आत आली आणि तिने दार ओढून घेतलं. नत्थुजीने हात कोरडे केले, सदरा काढला आणि खाटेवर बसला. काखेत आणि पोटावर जुन्या चट्ट्यांचे डाग होते. कोरडे, बऱ्यापैकी बसलेले. रोज काहीतरी लावलेलं असणार. मग तो वळला. पाठीवर, खांद्याच्या खवाट्यापासून कमरेपर्यंत भाकरीएवढं एकच वर्तुळ पसरलेलं होतं. कडा ताज्या होत्या.

"इथं काहीच नाही लावलं?"

"हात पुरत नाही तिथं."

मनकर्णाने पिशवीतून नवी ट्यूब काढली. बोटावर मलम घेतलं. बोट टेकताच नत्थुजीने पाठ आक्रसून घेतली, आणि मग हळूहळू सैल सोडली.