आधी तिचं म्हणणं

पेटी भर दुपारी, लोकांच्या देखत फुटली, त्यामुळे कोणी फोडली यावर वाद नव्हता. वसतिगृहातली सोळा वर्षांची मुलगी, उंचीमुळे जिला सगळे लंबू म्हणत, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला आली आणि तिने तपासणीच्या भिंगांची अख्खी पेटी फरशीवर भिरकावली. पेटी चष्मेवाल्यांच्या वडिलांची. ते गेल्यापासून चष्मेवाले ती रोज स्वतःच्या हाताने पुसत, बायकोलाही हात लावू देत नसत. माझ्यापेक्षा पेटीचेच लाड जास्त, असं बायको म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

चष्मेवाले तडक पोलीस चौकीत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की तक्रार जरूर घेऊ. पण ती नोंदली गेली की वसतिगृह या मुलीला ठेवणार नाही, आणि तिला दुसरं घर नाही. वस्तीतली भांडणं मिटवायला वाचनालयात बैठक भरते, त्याआधी तिथे एकदा बसून बघा. चष्मेवाले तिथे गेले ते मुलीची चांगली हजेरी घ्यायला.

बैठक चालवायच्या एक निवृत्त नर्सबाई. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. बैठकीचा नियम एकच होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपलं सुरू करायचं. चष्मेवाल्यांना हा पोरखेळ वाटला.

आधी लंबू बोलली, जमिनीकडे बघत, थोडकंच.

"ही म्हणते, की हिला राग आवरला नाही," चष्मेवाले म्हणाले.

"मी असं नाही म्हटलं."

दुसऱ्यांदा ते म्हणाले, की फुकटचा चष्मा मिळेना म्हणून ती चिडली. लंबूने नुसती नकारार्थी मान हलवली. चष्मेवाल्यांचा पारा चढला. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, मग हे चऱ्हाट कशाला, असं बरंच काही ते बोलले. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही दुकानात भिंग बदलता आणि गिऱ्हाइकाला विचारता, आता कसं दिसतं," त्या म्हणाल्या. "ते धूसर म्हणालं तर तुम्ही स्वच्छ धरून चालता का?"

"छे! असं कसं चालेल?"

"मग इथे का चालवताय?"

चष्मेवाले लंबूकडे वळले. लंबूने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ते एकेक शब्द धरून बोलले. "ही म्हणते, मला पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत. काकांनी मला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी तो वाचला. तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, तुला सगळं दिसतंय, नाटक करतेस."

"हो, हेच."

पुस्तकातली! तिने हे दुकानातही सांगितलं होतं. गिऱ्हाइकांची गर्दी होती, मुलीने लांबचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, आणि जवळचं बघायचं त्यांनी मनावरच घेतलं नव्हतं. चष्मेवाल्यांना लाज वाटली, आणि त्यांनी ते तसंच बोलून दाखवलं. मग वडिलांच्या पेटीविषयी सांगितलं.

आता पाळी लंबूची होती. "पेटी तुमच्या वडिलांची. ते गेल्यावर तुम्ही ती रोज पुसायचात," एवढं म्हणून तिने मान वर केली. "चुकलं माझं, काका." तिला माफी मागायला कोणी सांगितलं नव्हतं.

तक्रार झाली नाही. पेटीचे मोडलेले कप्पे लंबूकडूनच नीट करून घ्यायचं बैठकीतल्या सुताराने कबूल केलं. न फुटलेली भिंगं तिने शाळा सुटल्यावर नंबरांप्रमाणे लावायची, असंही ठरलं. दुसऱ्याच दिवशी ती दुकानात बसली. पण भिंगांच्या दांड्यांवरचे बारीक आकडे तिला वाचता येईनात. चष्मेवाल्यांनी तिला खुर्चीत बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि उरलेल्या भिंगांतलं एक तिच्या डोळ्यासमोर धरलं.

"आता कसं दिसतं?"

"धूसर."

"बरं, धूसर," असं म्हणून त्यांनी दुसरं उचललं.

मंडळी, चुकणाऱ्या पोराला मोकळं सोडा, असं इथे कोणी म्हणत नाही. लंबूने पेटी फोडली आणि तिनेच ती पुन्हा लावली. चौकी तर आपल्यासाठी उघडीच असते. तिथे जाण्याआधी त्या पोराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आपल्याला सांगता येतं का, एवढं स्वतःला विचारावं. येत नसेल, तर आपण अजून ते ऐकलेलंच नाही.