मी, उलटा बसवलेला डिस्प्ले

माझं नाव तुम्ही नेहमी तोंड वाकडं करूनच घेता. "डिस्प्ले गेला," म्हणता आणि वस्तू भंगारात टाकता. मी त्यातलाच एक, टॅबलेटमधला सात इंची डिस्प्ले. खरं तर गेले होते ते माझ्या पाठीमागचे दिवे. मी स्वतः ठणठणीत होतो, पण विचारतो कोण?

जळगावात पिंप्राळ्याला भाविकाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या एका खोक्यात मी धूळ खात पडलो होतो. तिनं मला उचललं ते तिच्या मायसाठी.

माय म्हणजे बेबाबाई. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमल्या की झोक्यावरचं गाणं बेबाबाईनं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. यंदा हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. तेव्हापासून बाई चारचौघींत बसायलाच तयार नाही. "मन्हं गानं सरनं, पोरी. आते तठे जाईसन काय करू?" म्हणायची.

गेल्या आखाजीला मायनं म्हटलेल्या गाण्याचा व्हिडिओ भाविकाच्या मोबाइलमध्ये होता. पण मोबाइल एकटीनं बघायची गोष्ट. तिला मायला पुन्हा सगळ्या बायांत बसवायचं होतं. गावातला भाड्याचा प्रोजेक्टर पोरांनी क्रिकेटसाठी आधीच अडवून ठेवलेला.

"मग घरीच बनवते मी प्रोजेक्टर," ती म्हणाली.

"लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं," नवरा तेजस हसत म्हणाला आणि मुकाट्यानं पुठ्ठा कापायला बसला.

मग आमची निवड झाली. मी, एक मोबाइलचा डिस्प्ले आणि एक जाडजूड मॉनिटर, अशी टेबलावर रांग. भाविकानं एकेकाला खिडकीच्या उजेडात धरलं. मोबाइलवाला मोठा तोऱ्यात होता, पण तो स्वतःच उजळणारा. त्याच्यातून पलीकडचा उजेड येईना, तो बाद. मॉनिटरमधून उजेड यायचा, पण त्याच्या मापाचं खोकं म्हणजे धान्याची कोठीच झाली असती. राहिलो मी. माझ्या पाठीवरचे पांढरे कागद तिनं सोलले आणि मी आरपार दिसायला लागलो. माझे ठिपकेही बारीक, भिंतीएवढं चित्र केलं तरी चेहरा फुटत नाही. उगाच फुशारकी नाही मारत.

भिंगांनी मात्र तिचा घाम काढला. आधी स्टेशनरीच्या दुकानातलं भिंग लावलं, तर मधला चेहरा स्पष्ट आणि कडेच्या सगळ्या बाया धुक्यात. शेवटी दुकानातल्याच बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनचं भिंग काढलं. काय दृष्ट लागण्यासारखं भिंग होतं! पेपर वाचायच्या पातळ प्लास्टिकच्या दोन भिंगपट्ट्या माझ्या मागे-पुढे बसल्या. मागची खोक्यात ठेवलेल्या दिव्याचा उजेड सरळ करून माझ्याकडे पाठवायची, पुढची तो गोळा करून मोठ्या भिंगाच्या हवाली करायची. आमचा संसार छान जमला.

आखाजीच्या दिवशी एसटीनं गावी निघालो. रस्त्यानं असे दणके दिले की मी जागचा निसटलो. सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीसमोर बाया जमल्या होत्या, दिवेलागण झाली होती. भाविकानं घाईघाईत मला परत बसवलं. भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून मला खाली डोकं, वर पाय ठेवायचं, हे तिच्या ध्यानात राहिलं. पण या गडबडीत माझी पाठ पुढे आणि तोंड मागे झालं, म्हणजे आरशातल्यासारखं डावं ते उजवं.

बेबाबाई लेकीच्या हट्टापायी आली होती आणि सगळ्यांच्या मागे, पलीकडच्या घराच्या ओट्याला टेकून बसली होती. भिंतीवर तिचं चित्र उमटलं, गाणं सुरू झालं. बाया माना उंचावून बघू लागल्या. मग तानुबाई, तिची जन्माची गाण्यातली सोबतीण, म्हणाली, "हाई बेबाबाई नही शे. हिना पदर देखा ना, उजवा खांदावर. हाई ते सुरतनी कोनी गुजराती बाई शे."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. भाविकाचा चेहरा उतरला. माय आता उठून घरी जाणार आणि पुन्हा कधी बायांत बसणार नाही, ही एकच धास्ती तिला होती. ती माझं खोकं उघडायला धावली, आणि बेबाबाई खरंच उठली.

पण घराकडे नाही गेली. बायांमधून वाट काढत भिंतीशी आली, माझ्या उजेडात उभी राहिली. डाव्या खांद्यावरचा पदर काढला आणि शांतपणे उजव्या खांद्यावर घेतला. मग आपल्याच चित्राशेजारी उभी राहून टाळ्यांचा ठेका धरला.

आधी तानुबाईनं ओळ उचलली, मग सगळ्या बायांनी. बेबाबाईचा आवाज नव्हता, पण ओठ एका शब्दालाही चुकत नव्हते. माझ्या आरपार इतका उजेड कधी गेला नव्हता, असं मला वाटलं. वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी भाविका मला सुलटा करायला बसली, तर मायनं तिचा हात धरला. तेव्हापासून मी तसाच आहे. सध्या मुक्काम पिंप्राळ्याच्या दुकानात, मऊ फडक्यात. माझी एकच विनंती आहे, कुणा शहाण्यानं येऊन मला सुलटा करू नये. आमची बेबाबाई आता पदर उजव्या खांद्यावर घेऊन, नुसत्या ओठांनी का होईना, गाते.