सहाशे रिकामे कॅन

रविवारी दुपारी बाराला गोदामात मी एक खोका उचलला, तर आतून खुळखुळ आवाज आला. आत होते घडीचे पाण्याचे कॅन, नवे कोरे. त्यांत खुळखुळायला काय असणार? एकाचं बूच काढून उलटा धरला, तर तळहातावर तांदूळ पडले.

"नीता!" मी बायकोला हाक मारली. "तुझ्या खोक्यात बघ गं."

तिच्या कॅनमध्येही तांदूळ, पुढच्या खोक्यातही तांदूळ. कॅन एकूण सहाशे.

हे कॅन जिथे जायचे होते, त्या किनाऱ्यावर लढाई चालू आहे. बॉम्बनी नळ फोडलेत, बायका टँकरपुढे रंगाचे डबे घेऊन उभ्या राहतात. म्हणून सिंगापुरातल्या आमच्या बिशानच्या कीर्तन मंडळानं हे कॅन जमवले. परवानगीसाठी मी तीन महिने ईमेल लिहिले. वाटेतल्या बंदरात एकूण एक खोका स्कॅन होतो. यादीत नसलेली वस्तू सापडली, त्यातून धान्य, की अख्खा कंटेनर बाजूला. मग तो कधी सुटेल ते देवच जाणे. ट्रक तीनला येणार होता.

मंडळातल्या सुनेत्राकाकू कोपऱ्यात लेबलं चिकटवत होत्या.

"काकू, हे तांदूळ?"

"आम्ही चौघींनी घातले काल. मूठमूठच रे."

"पण कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणाच्या घरी रिकामं भांडं पाठवतात का? आईनं शिकवलं नाही तुला?"

मी स्कॅनचं सांगितलं, यादीचं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बघू देत की. तांदूळ आहेत, दारूगोळा नाही. गेल्या रविवारीच कीर्तनात बुवा म्हणाले ना? द्रौपदीच्या थाळीला भाजीचं एक पान चिकटलेलं होतं, तेवढ्यावर देव तृप्त झाला आणि सगळ्या ऋषींची पोटं भरली."

"द्रौपदीची थाळी कुठल्या बंदरात स्कॅन झाली नव्हती, काकू!"

काकू खोक्यावर बसल्या. "बुवांना विचारल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला उचलून बाजूला कसं ठेवणार? कमलाकरबुवांना फोन केला. बुवा आठवडाभर वन-नॉर्थच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बघतात आणि रविवारी संध्याकाळी कीर्तन करतात. आत्ता ते ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकल चालवत होते. दीड वाजता आले ते हेल्मेट आणि अर्ध्या चड्डीत. काकूंनी तरीही वाकून नमस्कार केला आणि पुन्हा खोक्यावर बसल्या. बुवांनी घसा साफ केला आणि पांडव वनवासाला निघाले तिथून सुरुवात केली.

"बुवा, पूर्वरंग राहू दे," मी हात जोडले. "तीनला ट्रक आहे."

बुवा हसले. "बरं. काकू, ती थाळी पांडवांना दिली कुणी?"

"सूर्यनारायणानं."

"भरलेली दिली का रिकामी?"

काकूंनी बुडाखालच्या खोक्याकडे पाहिलं.

"रिकामीच ना? भरली ती त्यांच्या घरी गेल्यावर."

काकू उठल्या. मला वाटलं, सुटलो. पण त्या बुवांवरच घसरल्या. "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? अर्धीच गोष्ट सांगायची आणि आम्हाला सहाशे मुठी घालायला लावायचं!"

आम्ही चौघं ताडपत्री पसरून बसलो. बूच काढा, कॅन उलटा करा, झटका. पण तोंड अरुंद आणि घड्या पुष्कळ, दोन-चार दाणे आत चिकटून राहायचेच; मग पुन्हा झटका. तीनला ट्रक आला.

"अंकल, कॅन नॉट वेट लाह," ड्रायव्हर म्हणाला.

"फाइव्ह मिनिट्स," मी म्हणालो. साठ कॅन उरले होते. त्याच्याकडून पाच मिनिटं तीनदा मागून घेतली. शेवटचा खोका टेपनं बंद करणार, एवढ्यात काकूंनी माझा हात धरला. मोबाइलचा उजेड टाकून त्या एकेका कॅनच्या तोंडातून आत बघत होत्या.

"हा बघ. दाणा आहे."

"काकू, एका दाण्यानं काय होतंय आता!"

"काय होतंय? एवढ्यासाठी सगळं अडकलं तर त्या बायकांनी पाणी कशात भरायचं? बारापासून इथे आहेस, तुला कळतं कसं नाही रे, प्रबोध?"

नीता तोंड फिरवून हसली. मी कॅन घेतला, उलटा धरला आणि दाणा पडेपर्यंत झटकत राहिलो.